आप्पांचे दहा आकडे

मागितलेलं धनुष्य आप्पांनी कधी कुणाला दिलं नाही. माणूस कडक धनुष्य मागायचा, आप्पा नरम हातात ठेवायचे. जास्त हुज्जत घातली की म्हणायचे, "मग शिडी घेऊन जा. ती बी बांबूचीच हाय, आन् कडक बी हाय."

निलंग्याच्या बसस्टँडमागं त्यांचं दुकान. शिड्या, मांडवाचे बांबू, टोपल्या, सुपं हा खरा धंदा. धनुष्यं म्हणजे त्यांची हौस. कधीकाळी दुकानात कामाला असलेल्या एका म्हाताऱ्या बुरुडाकडून ती शिकून घेतलेली. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, हातात कोयता आणि तोंडात कायम तक्रार. पाऊस पडला तर बांबू फुगतो म्हणून, नाही पडला तर तडकतो म्हणून. गिऱ्हाइकाशी ते मराठीत बोलायचे, पण मोजायचे मात्र कानडीत. माझा त्या आकड्यांशी संबंध येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी एसटीत कंडक्टर. लातूर-निलंगा, निलंगा-लातूर, पुन्हा लातूर. खांद्याला तिकिटाच्या मशीनचा पट्टा आणि कानात दिवसभर एकच प्रश्न, "बाई, गाडी कधी सुटणार?" चाळिशी उलटल्यावर माणूस देवदेव करतो, मी लातुरात जुन्या लढाया करून दाखवणाऱ्या एका गटात गेले. कारण विचाराल तर लाज वाटावी इतकं साधं आहे. तिथं रविवारी मला कुणी गाडीची वेळ विचारायचं नाही, म्हणून.

गटात तलवारी घेणारे पुष्कळ होते, धनुष्यवाल्यांची रांग मात्र तोकडी पडायची. उदगीरच्या किल्ल्यात हिवाळ्यात कार्यक्रम ठरला आणि मी "मी उभी राहते" म्हणून बसले. आता धनुष्य आणायचं कुठून? मोबाईलवर पाहिली ती फायबरची, चकचकीत. गटात ती चालत नाहीत, जुन्या काळचं दिसायला हवं. लाकडाची चांगली होती, पण त्यांच्या किमती बघून मी मोबाईल पालथा ठेवला. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, "बाई, रोज ज्या दुकानापुढं आपली गाडी लावतो, तिथं बघा की."

आप्पांनी आधी मला उंची विचारली, मग काम विचारलं. मी म्हणाले, "आप्पा, चांगलं कडक द्या. रांगेत पुरुष असतात, हसायला नको." त्यांनी एक धनुष्य हातात दिलं. "ताना. मी धा मोजतो तवर धरून ठिवा." आणि सुरू झाले, "ओंदु, एरडु, मूरु..." नालकुला, म्हणजे चारलाच, माझा हात लटलट कापायला लागला. मी दोरी सोडणार तेवढ्यात ते केवढ्यानं ओरडले, "बाण न्हाई दोरीवर! मोकळी सोडली तर मोडंल ते! दोरी सावकाश जाग्यावर आना." मग दुसरं दिलं, अगदीच नरम.

"आप्पा, हे लेकराचं दिसतंय."

"लेकराचं न्हाई, तुमचंच हाय. तुमच्या खांद्याला दिसभर पट्टा असतोय, अक्का. त्यो खांदा आधीच थकलेला हाय. त्याला इचारा, मला काय इचारता?"

माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा माणूस, पण मला अक्का म्हणायचा. माझा खांदा थकलाय हे त्यांच्याआधी घरीदारी कुणी बोललं नव्हतं. खरं सांगते, मला तिथंच रडू आलं असतं. गाडीचा हॉर्न वाजला म्हणून वाचले. धनुष्य घेतलं आणि पळाले. मागून आप्पांचं चालूच, "दोरी उतरवून ठिवायची बरं का! काम झालं की दोरी उतरवायची!"

मी उतरवायचेही. घोटाळा केला तो खंडेनवमीनं. घरात पूजेला मांडायला शस्त्र कधी नव्हतं, त्या वर्षी पहिल्यांदा होतं. पण दोरी उतरवलेलं धनुष्य म्हणजे नुसती काठी, पाटावर मांडलं तर शेजारीण म्हणाली, "हे काय, झाडूचा दांडा पुजताय का?" झालं! मी दोरी चढवली, झेंडूची माळ घातली, फोटो काढले, आणि ते तसंच भिंतीवर टांगलं. रोज ड्यूटीवरून आले की वाटायचं, उतरवू उद्या. दिवाळी आली तरी माळ वाळलेली तशीच आणि दोरीही तशीच. उतरवली तेव्हा काठी सरळ व्हायलाच तयार नाही. वाकली ती वाकलीच, आणि जोर तर पार गेलेला. कार्यक्रम तीन आठवड्यांवर.

तोंड लपवत आप्पांकडं गेले. त्यांनी धनुष्य मांडीवर घेतलं, बराच वेळ हात फिरवला. मला वाटलं, आता कानडीतून उद्धार होणार. पण ते हळूच म्हणाले, "पूजा केली. फुलं वाह्यली. समदं केलं, फकस्त झोपू दिलं न्हाई त्याला."

"सरळ होईल का आप्पा?"

"न्हाई. बांबू बी थकतो, अक्का. एकदा इटला की इटला."

मी म्हणाले, राहू द्या, मी रांगेतून नाव काढते. खरं तर मीही विटलेच होते. त्यावर आप्पा उठले, माळ्यावर वाळत ठेवलेली बांबूची एक चीप, उभी फाडलेली पट्टी, काढली आणि खोकत खोकत खाली बसले. त्यांना तेव्हा दमा इतका वाढला होता की दोन वाक्यांत एकदा थांबायचे. मुलगा दुकान सांभाळायचा, त्यानं मला डोळ्यांनीच नको म्हणून खुणावलं. मी आप्पांना नको म्हणाले. ते म्हणाले, "माझी एकच अट हाय. मी बघाया येनार उदगीरला. तुमच्याच गाडीत."

पुढं रोज गाडी लागली की मी दुकानात डोकवायचे. आप्पा काचेच्या तुकड्यानं आतली बाजू खरवडत असायचे; बाहेरच्या सालीला मात्र हात लावू द्यायचे नाहीत, सगळी ताकद तिच्यात म्हणायचे. थोडं खरवडायचे, वाकवून बघायचे, धापा टाकायचे. मी गाडी चुकेल म्हणून निघायचे आणि दिवसभर मला अपराधी वाटायचं.

तयार झालं त्या दिवशी त्यांनी मला अंगणात उभं केलं. मी ताणलं. "ओंदु... एरडु... मूरु..." नालकु गेलं, ऐदु गेलं. हात स्थिर होता, माझाच मला विश्वास बसेना. "आरु... एळु..." आणि आप्पांना खोकल्याची उबळ आली. खुर्चीचा हात धरून ते वाकले, मुलगा पाणी घेऊन धावला. मी तशीच उभी. सोडता येत नव्हतं, आणि त्यांनी दहा म्हणेपर्यंत दोरी जागेवर आणावीशीही वाटेना. खांदा जळत होता. स्टँडवरून ड्रायव्हर हॉर्न देत होता. पाण्याचा घोट घेऊन आप्पांनी मान वर केली, मला बघितलं, आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, "एंटु... ओंबत्तु... हत्तु. आना जाग्यावर. सावकाश."

मग म्हणाले, "जमलं की वो, अक्का." आणि लहान मुलासारखे हसले.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी आप्पा गेले. त्या दिवशी सकाळच्या उदगीर गाडीची ड्यूटी मी मागून घेतली होती, पुढची सीट त्यांच्यासाठी राखून ठेवणार होते. ती रिकामी नेण्याची हौस मला नव्हती. तिच्यावर एका बाळंतिणीला बसवलं. किल्ल्यात मी रांगेत उभी राहिले, बाण सोडले, एक लक्ष्यालाही लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सगळे फोटोसाठी धावले. मी बुरुजाच्या सावलीत बसून आधी दोरी उतरवली.

आता गटात नव्या पोरी येतात. "ताई, स्वस्तातलं पण कडक सांगा" म्हणतात. मी माझं धनुष्य त्यांच्या हातात देते आणि मोजायला लागते. कानडी मला येत नाही, तेवढे दहा आकडे येतात. एळुपर्यंत बरोबर जाते आणि आप्पांना उबळ आली होती तिथंच थांबते. पोरी दोरी ताणून, श्वास रोखून, माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहतात.