तितकेच पत्ते

धरमपेठेतल्या कॅफेत रविवारी एकेक पत्ता विकत घेऊन आपला गठ्ठा वाढवायचा खेळ रंगतो. एकदा कोराडीहून आलेले एक काका माझ्यासमोर बसले. माझ्या पत्त्यावर लिहिलं होतं, 'हातातले सगळे टाका, तितकेच नवे घ्या.' तो पत्ताही धरून मी पाच उचलले. काकांनी चष्मा कपाळावर चढवून पत्ता नाकाशी नेला.

"हा तं तू खेळला ना गा? मंग हातात कुठं राहिला? चारच घे."

चहा निवला, तरी वाद संपेना. शेवटी वैतागून मी एक परत ठेवला.

पुढे तसाच पत्ता त्यांना आला. पाचवा मिळाला की ते जिंकणार होते.

"घ्या पाच, काका, संपवा एकदाचं!"

"तुले चार, तं मले पाच काहून?"

ते हरले आणि हसत बसकडे गेले. जिंकलेला मी घरी पोचेपर्यंत चिडलेलाच होतो.