दुप्पट मोजलेले ठोके

मोठ्या भावाचा पहिला घोडा पळता पळता मेला, तेव्हा मी शर्यतीच्या दोरीपाशी उभा होतो. परतूरपासून दोन कोसांवरची जत्रा होती. घोडा सगळ्यांच्या पुढे होता. एकाएकी त्याचे पुढचे पाय मुडपले. ठेच लागली नव्हती, कुणी आडवंही आलं नव्हतं. तो खाली बसला आणि तसाच कुशीवर कलंडला, भावाला घेऊन. आम्ही सात-आठ जणांनी घोडा उचलून धरला तेव्हा भावाचा पाय बाहेर निघाला. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ढोरांच्या दवाखान्याचे डॉक्टर नंतर म्हणाले की काळीज बंद पडलं असावं, आणि आधी कळायला काही मार्ग नव्हता.

मी तेव्हा जालन्यात मस्तगडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवत होतो. गावाकडची शेती भाऊच बघायचा. पाय बरा व्हायला वर्ष गेलं. आम्हाला वाटलं, घोड्याचा नाद सुटला. पण पुढच्या दिवाळीनंतर त्यानं एक कुमैत घोडी आणली, तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची. उंच, कान सतत हलते, आणि पळायला लागली की थांबायचं नाव न घेणारी. आईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला मात्र म्हणाली, "तू शिकलेला हाईस, तू सांग त्याला."

मी सांगितलं. भाऊ हसला.

"पाय माझा मोडला ना? मंग तू काहून लंगडून राह्यला?"

ते खरंच होतं. भीती मलाच बसली होती. शेजारच्या एसटीडीवाल्यानं गावाकडून फोन आहे म्हणून हाक मारली की मी हातातली कैची तशीच घेऊन पळत सुटायचो. फोन खताच्या गोण्यांचा असायचा, नाहीतर कुणाच्या लग्नाचा. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, माझं लग्न झालं होतं, दोन लेकरं होती, आणि मी एका घोडीला भिऊन जगत होतो.

दुकानात टीव्हीसोबत शहरातल्या डॉक्टरांची यंत्रंही दुरुस्तीला यायची. रक्तदाबाची, छातीचा आलेख काढायची. एकदा एका डॉक्टरांनी वेगळीच वस्तू आणली. छातीला बांधायचा रबरी पट्टा आणि त्याच्यासोबत मनगटी घड्याळ. परदेशातल्या नातेवाइकानं पाठवलं होतं. पट्टा छातीला बांधला की काळजाचे ठोके मोजून आकडा तारेशिवाय घड्याळात दिसायचा. पट्ट्याची कडी तेवढी तुटली होती. मी ती बसवली, पट्टा बांधला आणि दुकानाचा जिना दोनदा चढलो-उतरलो. घड्याळात चौऱ्याहत्तरचे एकशे बत्तीस झाले. तिथंच पायरीवर उभं असताना माझ्या मनात आलं की हा घोडीला बांधता येईल.

डॉक्टरांनी मला ते देऊन टाकलं. आता कुठं पळायचंय मला, म्हणाले.

एक गोष्ट कबूल करायला हवी. मी ते घोडीच्या भल्यासाठी केलं नाही. घोडीचं काळीज कमजोर निघावं, आकडा वाईट यावा आणि तो बघून भावानं खोगीर उतरवावं, एवढीच माझी इच्छा होती. जत्रा महिन्यावर आली होती.

माणसाचा पट्टा घोडीला पुरणार नव्हताच. मी त्याचं प्लास्टिक घासून आतले दोन्ही संपर्क मोकळे केले आणि त्यांना जाळीच्या वेष्टणाची वायर डाख देऊन जोडली. स्टीलच्या डब्याच्या झाकणातून दोन तळहाताएवढे पत्रे कापले, कडा घासून गोल केल्या आणि त्यांच्यावर स्पंज शिवला. स्पंज मिठाच्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे केसांतूनही कातडीशी संपर्क होतो. एक पत्रा डाव्या बाजूला पुढच्या पायामागं, तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली. दुसरा उजवीकडे खांद्याच्या मागं वर, खोगिराखाली. घड्याळ हातभर अंतरातच चालायचं, तेव्हा ते स्वाराच्या मनगटावर बरोबर बसत होतं. बायकोनं हे सगळं दोन रात्री बघितलं आणि विचारलं की घोडीनं लाथ मारली तर कुणाकडे जायचं. मी स्पंज शिवत राहिलो.

पहिल्यांदा पत्रा लावताना भावानं घोडीचं तोंड धरलं होतं. मी तिच्या पोटाशी वाकलो आणि माझ्या मानेवरून घाम ओघळला. तिची कातडी गरम होती आणि माझ्या बोटांखाली थरथरत होती. ती मला भीत होती की माझीच थरथर तिच्यात गेली होती, कळायला मार्ग नव्हता. तंग आवळला. घड्याळात बराच वेळ दोन शून्यं होती, मग आकडा आला. अठ्ठ्याहत्तर.

उभ्या घोड्याचे ठोके तीस ते चाळीस असतात, हे मी ढोरांच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं आणि भावालाही सांगितलं होतं. आम्ही थांबलो. घोडी कडबा खात होती. सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, शहात्तर.

पत्रे सोडवून झाले तेव्हा भाऊ तिच्या मानेवर हात ठेवून उभा होता. मी म्हटलं की डॉक्टरांना दाखवू. तो म्हणाला, "डॉक्टर त्या टायमाला काय म्हणले? कळायला मार्ग न्हाई म्हणले. आता कळलं ना." मग म्हणाला की त्या घोड्याचंही असंच असणार, आपण त्याला मारलं. त्यानं व्यापाऱ्याला निरोप धाडला. काळीज नाजूक आहे हे सांगूनच द्यायची, वरातीत मिरवायला नेईल, असं ठरलं. व्यापारी बाजाराच्या दिवशी येणार होता. मध्ये पाच दिवस होते.

मी जालन्याला परतलो तो हलका होऊन. त्या रात्री पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात आलेख काढायचं एक यंत्र तपासत होतो. तपासायला दुसरं माणूस नसलं की मी तारा स्वतःलाच लावायचो. कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. प्रत्येक ठोक्याला एक उंच टोक, आणि त्याच्या मागोमाग एक बुटका उंचवटा. रोज बघतो तो. ठोका पडून गेल्यावर काळीज पुन्हा तयार होतं, त्याची ती खूण. यंत्र टोक मोजतं, उंचवटा लहान असल्यामुळे सोडून देतं. मी पट्टीकडं बघत राहिलो. घोडीचं काळीज केवढं तरी मोठं. तिचा हा उंचवटाही टोकाएवढाच असेल तर? माणसासाठी बनवलेला तो पट्टा एका ठोक्याचे दोन मोजेल. अठ्ठ्याहत्तरचं निम्मं एकोणचाळीस.

मी पट्टीची घडी करून खिशात ठेवली आणि कुणाला काही बोललो नाही. खात्री कुठं आहे, असं स्वतःला सांगितलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. आता वेगळीच भीती होती. बोललो तर भाऊ पुन्हा घोडीवर बसणार, आणि उद्या पडला तर ते माझ्या बोलण्यानं. नाही बोललो तर एक धडधाकट जनावर माझ्या खोटेपणामुळे बँडच्या कर्कश आवाजात नाचवलं जाणार. त्याहून वाईट म्हणजे, पहिला घोडा आपण मारला हे भाऊ जन्मभर मानत राहणार. चौथ्या दिवशी दुपारी मी पट्टा देणाऱ्या डॉक्टरांकडून स्टेथोस्कोप मागून घेतला आणि परतूरची गाडी धरली.

घोडी गोठ्याबाहेर बांधलेली होती. खरारा झाला होता. देऊन टाकायच्या आधी भाऊ तिला न्हाऊमाखू घालत होता. मी परत पत्रे लावले, घड्याळ खुंटीला तिच्याजवळ अडकवलं आणि डाव्या पायामागं स्टेथोस्कोप टेकला. डोकं तिच्या बरगड्यांना लागलं होतं. तिनं नुसता पाय झाडला असता तरी मी उरलो नसतो. पण ठोका ऐकू आला आणि मी मोजत गेलो. जड, संथ, विहिरीत कुणी दगड सोडावा तसा. मिनिटाला अडतीस. वर घड्याळात शहात्तर.

भाऊ बादली घेऊन उभा होता. "किती?" त्यानं विचारलं.

मला आईचा चेहरा दिसला, जत्रेतली दोरी दिसली. मग म्हटलं, "अडतीस. घोडी चांगली हाय, दादा. यंत्र दुप्पट मोजून राह्यलं."

त्यानं बादली खाली ठेवली. मला वाटलं हसेल, पण तो ओट्यावर जाऊन बसला आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत राहिला.

पत्र्यांच्या जागा बदलून बदलून मी शेवटी एक जागा काढली, जिथं घड्याळ आणि माझे कान एक बोलायला लागले. भावानं व्यापाऱ्याला तूर्त येऊ नको म्हणून कळवलं. ढोरांच्या डॉक्टरांना बोलावून ते दाखवलं. त्यांनी स्वतः मोजून बघितलं आणि परीक्षा सांगितली. घोडी दमेपर्यंत पळवा, थांबवा, आणि दहा मिनिटांत ठोके साठच्या आसपास आले तर काळजी नाही. नाही आले तर शर्यत विसरा.

शनिवारी सकाळी भाऊ कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यानं घोडी घेऊन गेला. मी या टोकाला बाभळीखाली उभा. आधी दुडकी, मग भरधाव. घोडी ठिपक्याएवढी झाली, वळली, परत यायला लागली आणि मध्येच थांबली. भाऊ उतरला आणि तिच्या छातीला कान लावताना मला दिसला. मी पळालो. ढेकळांतून, चपला कुठं गेल्या ते न बघता. पोचलो तेव्हा भावाचा चेहरा पांढरा पडला होता. घड्याळात दोन शून्यं होती. घोडी मात्र चार पायांवर उभी होती आणि भात्यासारखी नाकपुडी फुगवत होती. वायर तंगातून निसटली होती, दुसरं काही नाही. मी ती खोचली. एकशे चौऱ्याऐंशी.

मग दहा मिनिटं. भाऊ मनगट माझ्यापुढं धरून उभा, मी माझ्या घड्याळात वेळ बघत. एकशे दहा. नव्वद. सहाव्या मिनिटाला बहात्तर झाले आणि तिथंच अडकले. सातवं मिनिट, आठवं मिनिट, बहात्तर, एकाहत्तर, बहात्तर. तंग सैल करावा असं मला सुचलं, केला. घोडीनं लांब श्वास सोडला. पासष्ट. नऊ मिनिटं होऊन गेल्यावर अठ्ठावन्न.

जत्रेत ती तिसरी आली. मी गेलो होतो, पण शर्यत बघितली नाही. रसवंतीच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि लोकांचा आवाज थांबेपर्यंत डोळे मिटून घेतले. पुढं पाच वर्षं दर जत्रेला तेच केलं. भीती काही गेली नाही. आकडा चांगला आला म्हणून ती जात नसते, हे मला तोवर कळलं होतं.

ते चार दिवस गप्प राहिल्याचं मी भावाला फार उशिरा सांगितलं. घोडी म्हातारी झाली होती, पट्ट्यातला सेल संपला होता आणि तो बदलता येत नव्हता. आम्ही दोघं शेतात शेंगा खात बसलो होतो. त्यानं ऐकून घेतलं, दोन शेंगा सोलल्या.

"चारच दिवस?" तो म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो तर बाजार होऊन जाऊ दिला असता."

मग तो उठला आणि घोडीला पाणी दाखवायला गेला.