पावलांमागून वाजणारा पियानो

पियानोमावशींना चौकशा करायची खोड होती. शेजारी कोण पाहुणे आले, चर्चच्या नव्या पाळकांच्या कपाटात एवढी औषधं कशाची, समोरच्या खिडकीचा पडदा दोन दिवस बंद का, हे सगळं त्यांना कळायलाच हवं असे. त्यांची वहिनी म्हणे, "देवाने हिला कान दिले पियानोसाठी, आणि हिने ते लावले गल्लीला." मावशींना याचा राग येत नसे, कारण ते खरंच होतं.

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पण लोक त्यांना ओळखत ते रविवारामुळे. एकतीस वर्षं त्या चर्चमध्ये पियानो वाजवत होत्या. पाळक बदलले, छप्पर बदललं, मावशी त्याच स्टुलावर. मग मंडळीने वर्गणी काढून नवा पियानो घेतला आणि जुना एका पुनर्वसन केंद्राला देऊन टाकला. पक्षाघात झालेली, अपघातात सापडलेली माणसं तिथे पुन्हा चालायला शिकत. अशा माणसांना पियानो कशाला, हा प्रश्न मावशींच्या डोक्यातून जाईना. दोन महिने कळ काढली आणि एका मंगळवारी त्या बघायलाच गेल्या.

पियानो व्यायामाच्या हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवला होता. त्याच्यावर दोन कुंड्या, टॉवेलांचा ढीग आणि पाण्याचा गोल डाग. मावशींचा पारा चढला. कोणाला न विचारता त्यांनी कुंड्या खाली ठेवल्या, पदराने डाग पुसला आणि काय काय बिघडलंय ते बघायला एक साधं गीत वाजवायला घेतलं. मधले दोन सूर पार बसले होते.

"मावशी, थांबू नका," मागून आवाज आला.

गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेली फिजिओथेरपिस्ट मुलगी दोन लाकडी दांड्यांच्या मधे एका उंच म्हाताऱ्याला धरून उभी होती. ते निवृत्त पोस्टमन. पक्षाघाताने त्यांचा डावा पाय जमिनीवर घासत होता. पण गीत सुरू झालं तसा तो पाय इंचभर का होईना, उचलला जाऊ लागला होता.

"असं कसं झालं?" मावशींनी विचारलं.

"काही जणांचं पाऊल ताल ऐकला की वेळेवर पडतं."

"काही जणांचंच का? आणि फक्त पियानोने, की टाळ्यांनीही? पाय ऐकतो की डोकं ऐकतं?"

मुलगी हसली. "मावशी, तुम्ही रोज या. उत्तरं हळूहळू देते."

त्या रोज जाऊ लागल्या. पोस्टमनकाकांपुढे काय वाढून ठेवलंय तेही त्यांनी दोन दिवसांत काढून घेतलं. तीन आठवड्यांनी मोठे डॉक्टर येणार होते. वरच्या मजल्यावरच्या लांब पॅसेजमध्ये काकांनी कशालाही न धरता, न थांबता टोकाच्या दारापर्यंत जायचं आणि परत यायचं. जमलं तर घरी. नाही जमलं तर दुसऱ्या गावच्या शुश्रूषागृहात, कायमचं. त्यांची बायको अंगाने चिमूटभर, त्यात पाठीचं दुखणं. ती त्यांना उचलणार कशी? ती रोज दुपारी येऊन हॉलच्या कोपऱ्यात बसे आणि नवऱ्याच्या पायांकडे बघत राही.

पहिल्याच आठवड्यात मावशींनी घोळ घातला. काका दांड्या सोडून चार पावलं चालले आणि मधेच एक पाय हवेत धरून थांबले. पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी त्यांचा तोल गेला. मुलीने कमरेचा पट्टा पकडला म्हणून बरं, नाहीतर आपटलेच असते. कोपऱ्यातली बायको उठून उभी राहिली.

"काका, मधेच का थांबता?" मुलीने विचारलं.

"मी कुठे थांबतो? त्या थांबतात," काकांनी पियानोकडे बोट केलं.

मावशींना आधी पटेना. मग स्वतःचेच हात ऐकल्यावर लक्षात आलं. प्रत्येक ओळ संपली की त्या क्षणभर थांबत होत्या.

"मी श्वास देत होते," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

"कोणाला?"

"मंडळीला. गाताना ओळीच्या शेवटी श्वास घ्यायला वेळ द्यावा लागतो."

"इथे कोणी गात नाहीये, मावशी."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकतीस वर्षं ज्या गोष्टीचं कौतुक झालं तिच्यामुळेच एक माणूस पडता पडता राहिला होता. त्या दिवसापासून त्यांनी घरी जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत, न थांबता ओळीला ओळ जोडायचा सराव सुरू केला. वहिनी म्हणाली, "घरातून मोर्चा जातोय का?" पण चार दिवसांत हाताची सवय सुटली.

मग त्यांनी पियानो तिरका करून घेतला, काकांचे पाय दिसतील असा. आणि अर्थातच चौकशा.

"जिना चढताना पहिला पाय कुठला टाकायचात?"

"डावा. पिशवीपण डाव्या खांद्यावर. चाळीस वर्षं सगळं ओझं त्याच बाजूने वाहिलं. आता रुसला तर त्याचं काय चुकलं?"

"रुसलाय खरा. पण कानाने तिखट आहे," मावशी म्हणाल्या. काका पहिल्यांदा मोकळेपणाने हसले.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी मावशींना काहीतरी वेगळं जाणवलं. काकांचं पाऊल त्यांच्या सुराच्या किंचित आधी पडत होतं. त्या चकित झाल्या. खरं की भास, हे बघायला त्यांनी मंगळवारी पुढे होऊन वाजवणं सोडून दिलं. चर्चमध्ये मागच्या बाकावरच्या आजी संथ गायच्या, तेव्हा कोणाला कळू न देता त्यांच्या मागून जायची कला मावशींना साधली होती. तेच इथे केलं. काका जोरात चालले की त्या जोरात, रेंगाळले की त्या रेंगाळायच्या. कोणालाही कळलं नाही. काकांना तर नाहीच.

मावशींना आनंद झाला, आणि जरा वाईटही वाटलं. आपली गरज संपत आलीये हे कळल्यावर कोणाला बरं वाटतं? मावशी काही संत नव्हत्या. बुधवारी सकाळी प्रार्थनेत त्यांनी मागितलं की काकांना आपली गरज उरू नये. आमेन म्हणायला मात्र थोडा वेळ लावला.

गुरुवारी परीक्षा. पॅसेजच्या एका टोकाला खुर्ची, तिच्यावर काका. शेजारी डॉक्टर, मुलगी आणि मावशी. दुसऱ्या टोकाला उघड्या दाराबाहेर, जिन्यापाशी, काकांची बायको. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. काका हलेनात.

"पियानो खाली राहिला," ते म्हणाले. त्यांचे हात खुर्चीवर घट्ट झाले होते. "त्याच्याशिवाय माझा पाय उचलत नाही. मला नाही जमणार."

मुलीने समजावलं. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. शेवटी कागदाकडे वळून ते म्हणाले, "बळजबरी नको. आपण दुसरीकडची व्यवस्था बघू."

 मावशी खुर्चीसमोर खाली बसल्या.

"काका, एक सांगायचं राहिलंय. मंगळवारपासून मी तुम्हाला चालवत नाहीये."

"मग कोण चालवतंय?"

"तुम्हीच. तुमचं पाऊल आधी पडायचं आणि मग माझं बोट. दोन दिवस मी तुमच्या पायांमागून वाजवतेय."

"खोटं."

"या मुलीसमोर सांगते. मला आधी वाटलं, माझंच चुकतंय. मग मुद्दाम मागे राहून बघितलं. तुम्ही एकदाही माझी वाट बघितली नाहीत."

काकांनी आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले. डावा पाय उचलला, टाकला. उजवा टाकला. पॅसेजमध्ये चपलांशिवाय कसलाही आवाज नव्हता. मावशींची बोटं पदराच्या टोकावर हलत होती, पावलांच्या जरा मागून.

काका दारापाशी पोचले.

"छान. आता मागे फिरा," डॉक्टर म्हणाले.

"मागे कशाला?" काका न थांबता म्हणाले. "घर इकडे आहे."

आणि ते दारातून बाहेर, बायको उभी होती तिथवर गेले. डॉक्टरांनी मुलीकडे बघितलं, मग कागद भिंतीवर टेकवून सही केली.