सात हजार किलोमीटरची घालमेल

टेलरबाई उभ्या जन्मात कधी एका जागी तास न् तास बसल्या असतील तर त्या शिवणयंत्रापुढे, आणि तेही पाय हलवत. आज मात्र विमानातल्या खुर्चीला त्यांना नऊ तास चाळीस मिनिटं बांधून घातलं होतं.

परदेशातल्या शहरात धाकट्या भावाकडे राहणारी त्यांची आई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. "ताई, ऑपरेशन उद्या सकाळी दहाला आहे," भावाचा फोन आला. टेलरबाईंनी अर्धवट शिवलेले कपडे गुंडाळून ठेवले आणि मिळालं ते तिकीट काढलं. इथून सकाळी नऊला निघायचं, तिथल्या घड्याळात दुपारी दोनला उतरायचं. म्हणजे आईला आत नेतील तेव्हा लेक ढगांत! ना फोन, ना निरोप.

समोरच्या पडद्यावर उरलेलं अंतर दिसत होतं आणि नकाशावर मुंगीएवढं विमान. टेलरबाईंनी दोन शहरांमध्ये वीत लावून पाहिली. सात हजार एकशे ऐंशी किलोमीटर वितीतही मावले, पण मुंगी काही हलेना.

"सारखं बघून ते लवकर पोचत नाही हो," शेजारचे आजोबा म्हणाले.

"न बघून तरी कुठे पोचतंय?"

आजोबा घोरू लागले. त्यांचे गुडघे ओलांडून टेलरबाई चारदा उठल्या, विमानाच्या मागच्या टोकाच्या कापडी पडद्यापर्यंत जाऊन आल्या.

तीन हजार एकशे किलोमीटर उरले तेव्हा आईच्या शहरात दहा वाजले. आता भूल दिली असेल. सत्त्याहत्तरीचं शरीर, जाग तर येईल ना? त्या पाचव्यांदा मागे गेल्या, तर पडद्याआड हवाईसुंदरी स्कर्ट मुठीत धरून उभी. वरचा कप्पा लावताना शिवण उसवली होती.

"आता बाहेर जाऊ कशी मी?" ती रडकुंडीला आली होती.

"वळा तिकडे," म्हणत टेलरबाईंनी पर्समधला सुई-दोरा काढला. बारीक, घट्ट टीप घातली. तेवढी वीस मिनिटं त्यांचा जीव थाऱ्यावर होता. दोरा तोडला आणि पुन्हा आई आठवली.

चाकं जमिनीला टेकताच त्यांनी फोन लावला.

"ताई, अजून आत नेलंच नाही," भाऊ वैतागून म्हणाला. "आई अडून बसली. लेकीचं तोंड पाहिल्याशिवाय टेबलावर चढणार नाही म्हणते. डॉक्टर आधी चिडले, मग हसले. चारची वेळ दिलीय."

टेलरबाईंना हसावं की रडावं कळेना. नऊ तास जीव टांगणीला लागला होता आणि म्हातारी खुशाल पलंगावर!

"केवढा उशीर गं!" दवाखान्यात पाऊल टाकताच आईनं स्वागतच तसं केलं.

"नऊ तास चाळीस मिनिटं लागतात, आई."

"एवढ्यात माझी दोन ऑपरेशनं झाली असती."

"मग एक तरी करून घ्यायचं होतंस!"

आईनं नुसता तिचा हात घट्ट धरला. तो हात ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी नर्सनं सोडवला.

पुढचे तीन तास टेलरबाईंनी व्हरांड्यातल्या फरशा मोजल्या. "बस ना जरा," भाऊ म्हणाला, पण बसतंय कोण! सातला डॉक्टर बाहेर आले. "सगळं नीट झालं," ते म्हणाले, आणि टेलरबाई मटकन खालीच बसल्या.

आठव्या दिवशी आई वॉकर धरून निघाली. "हळू गं, हळू!" करत टेलरबाई मागून धावत होत्या.