बांधी माझी, तलाव त्यांचा

माझा नवरा पाण्याचा माणूस आणि मी चिखलाची. ते गावच्या तलावात मासे पोसायचे, आणि तलावाच्या वरच्या अंगाला आमच्या दोन बांध्या आहेत, त्यात मी धान लावायची. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेला धानाचा तुकडा. भात माझा, त्यावरचा रस्सा त्यांचा. संसार बरा चालला होता, खोटं कशाला बोलू.

पावसाळ्यात तलावात माशांचं बीज सोडलं की हे काठाकाठानं शेण टाकायचे. शेणानं पाणी हिरवं होतं आणि त्या हिरव्यावर बारके मासे वाढतात. पाणी तयार झालं का ते बघायची त्यांची रीत होती. काठावर उकिडवं बसायचं, हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा आणि तळवा दिसतो का ते बघायचं. धूसर दिसला की गडी खूश. मी चिडवायची, "काऊन डाक्टर, नाडी सापडली का तलावाची?"

त्या साली रोवणा झाला, सगळी रोपं चिखलात लागली आणि धान पिवळं पडलं. शेजारच्या बांध्या हिरव्यागार, माझ्याच तेवढ्या आजारी. मला कुणाच्या मागे राहायचं नसतं, हा माझा जुना रोग. युरियाची मूठ सैल सोडली, मागच्या सालापेक्षा कितीतरी जास्त. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला तो थांबेचना. धानाचे शेंडे बुडायला लागले तेव्हा मी फावडं घेऊन बांध फोडला. वरच्या सगळ्यांनीच फोडला. ते पाणी उतारानं तलावात गेलं, दुसरीकडे जाणार तरी कुठे.

पंधरवड्यात तलाव हिरवागार झाला. यांनी हात घातला तर मनगट बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला. घरी आले ते हसतच.

"औंदा शेण टाकाचं कामच नाई पडलं वो. पानी आपल्या आपच तयार झालं."

"माह्या युरियाचं हाये ते," मी म्हटलं.

"मंग तं बरंच झालं. तुह्या धानानं खाल्लं, आता माहे मासे खातीन."

मीही फुगली. वाटलं, चला, वाया तर नाही गेलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. शेण टोपल्यानं पडतं, आमचा युरिया साऱ्या शिवारातून आला होता, एवढं साधं गणित दोघांनाही सुचलं नाही.

पुढे काठाला हिरवी साय धरली. वास सुटला. बायांनी तिथं कपडे धुणं सोडलं, हाताला खाज सुटायची. हे म्हणायचे, बसन खाली हळूहळू. मग चार दिवस आभाळ भरून राहिलं, ऊन नाही. पाचव्या दिवशी उजाडताच हे धावत आले. "इंजन घे, इंजन," एवढंच म्हणाले.

तलावावर जाऊन बघते तर पाण्याला नुसती तोंडंच तोंडं. रोहू, कतला, सगळे वर येऊन आ करत होते. माझं बांधीवरचं पाणी ओढायचं इंजन लावून आम्ही तलावाचंच पाणी वर उडवून परत तलावात पाडत होतो. तलावात मासेमारी करणारे बाकीचे ढिवर बांबूनं पाणी झोडपत होते. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि टोपल्यानं पाणी उपसून आपटत राहिली. काठावर उभा एक म्हातारा ढिवर म्हणाला, "या हिरव्यानं रातभर पान्यातली हवा खाल्ली, बाई. गुदमरून राह्यले ते." हात भरून आले तरी मी थांबली नाही. माझ्या मांडीला एक मोठा कतला येऊन टेकला, आणि तसाच उलटा झाला.

दुपारपर्यंत सगळं पांढरं झालं. मरळ तेवढी वाचली, ती वर येऊन हवा घेते. मला वाटत होतं, यांनी मला शिव्या द्याव्यात, मारावं.  त्यांनी टोपल्या भरभरून मासे नेले आणि पारीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, मागं खड्ड्यात पुरले. रात्री कोरडा भात जेवले.

पुढच्या साली बाकीचे ढिवर मजुरीला निघून गेले. हे तेवढे थांबले. रोज सकाळी खांद्यावर जाळं टाकून जायचे. मी युरिया टाकायचाच नाही असं ठरवलं होतं, पण धान पुन्हा पिवळं पडलं आणि मी टाकला. आणि पुन्हा पाऊस आला. धानाचे शेंडे तेवढे वर होते. मी फावडं घेऊन बांधावर बसून राहिली, माझ्यानं बांध फोडवेना.

हे भिजत आले. "फोड ना वो. धान मरून राह्यलं."

"आन् तुमचं बीज?"

"सोडलंच नाई औंदा."

"मंग रोज जाता कुठी?"

"बसून राह्यतो पारीवर."

मी उठली नाही. त्यांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि स्वतःच बांध फोडला.