विहिरीत शिकलेलं पोहणं

मला लाज वाटायला हवी होती, असं आमच्या देऊळघाटात काही जणांचं अजूनही मत आहे. ज्या साली गुलाबी बोंडअळीनं गावचा कापूस खाल्ला, त्याच साली मी बायकोला घेऊन ग्रीसमधल्या एका बेटावर गेलो. गेलो, हे खरं आहे. लाज वाटली नाही, हेही खरं आहे.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलीनं तिकिटं आषाढातच काढून ठेवली होती. दसऱ्याच्या सुमारास मी शेतातली ठिकठिकाणची वीस बोंडं फोडून पाहिली. चौदांत अळी निघाली. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडाला अळी शिवणार नाही असं आम्हाला सांगितलं होतं. काही वर्षं नाही शिवली, खोटं कशाला बोलू? त्या साली मात्र बोंड वरून हिरवंगार, आणि अळी आत बसून सरकी खात होती.

चुलतभाऊ बांधावर उभा होता. म्हणाला, "अळीनं बोंडं खाल्ली अन् तू समुद्रात डुंबाले चालला काय बे?"

"हाव, चाललो. मी घरी बसलो तं अळी निघून जाईन काय?"

"लोक काय म्हणतीन?"

"तू म्हणूनच राह्यला ना. बाकीच्यायची काय गरज?"

बायकोनं मला एकच विचारलं होतं, "तिथल्या पाण्यात उतराले भेटीन ना?" मला वाटलं, हिला पाय ओले करायचे असतील.

बेटावर पहिल्या दिवशी मुलीनं आम्हाला डोंगरावरच्या एका पांढऱ्या देवळापर्यंत चढवलं. फलकावर पायऱ्या सहाशे लिहिल्या होत्या, माझ्या मोजणीत सहाशे बारा भरल्या. दुसऱ्या दिवशी एका घळीतून तीन तास चाललो. लोणारला कड्यावरून तळ्याकडे उतरताना गुडघे बोलतात, तसे तिथंही बोलले. दगडांच्या उतरणीवर, पाण्याचा टिपूस नाही अशा जागी, ऑलिव्हची जुनी झाडं उभी होती. एकाचा बुंधा माझ्या कवेत मावला नाही. मी झाडं पाहत होतो. बायको वळणावरून समुद्र दिसला की थांबायची आणि पुन्हा विचारायची, "उद्या ना?"

तिसऱ्या दिवशी बोटीतून एका खाडीत गेलो. पाणी इतकं नितळ की खालचे दगड मोजता आले असते. बोटवाल्यानं नांगर टाकला आणि पोहता कोणाला येतं ते विचारलं. मुलगी म्हणाली, "आई, तू बोटीतच बस."

"काऊन? मले येते."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती.

"तुले येते? कुठी शिकली?" मी विचारलं.

"वडनेरले, बाबाच्या विहिरीत. पाठीवर वाळका भोपळा बांधून. बारा वर्षांची असताना भोपळा सोडला."

"मले कधी सांगितलं नाही."

"तुमी कधी इचारलं? सासरच्या विहिरीवर सुनेनं पाणी भराव, उडी थोडी माराव!"

बोटवाल्यानं तिच्यापुढे नारिंगी जाकीट धरलं. तिनं ते दाबून पाहिलं. "हा त्यायचा भोपळा. मले नको." मुलीनं ते त्याला समजावलं. त्यानं बोटीची दोरी पाण्यात सोडून खूण केली, की याच्या पलीकडे जायचं नाही. तिनं मुलीचा पंजाबी ड्रेस घातला होता. ओढणी कमरेला आवळली, नाक दाबलं आणि उडी मारली.

वर आली ती थुंकतच. "खारट हाय हो!" मग पोहायला लागली, डावीकडे वळत, गोल. समोर सगळा समुद्र मोकळा आणि ही आपल्याच मापाच्या गोलात फिरत होती. लहानपणीच्या विहिरीचा काठ तिच्या हातापायांना अजून पाठ होता.

बोटीत पुण्याचं एक जोडपं होतं. त्यातले गृहस्थ मोबाईल धरून हसले. "अहो काकू, गोल गोल काय फिरताय? सरळ जा की!" मग मला म्हणाले, "गावाकडचं पोहणं, नाही का?"

"हो, गावाकडचंच," मी म्हणालो. "तुम्ही उतरा ना, शहरातलं दाखवा." ते जाकीट घालून बसले होते. मोबाईल खाली गेला.

तिनं अकरा फेऱ्या मारल्या. वर आल्यावर दम लागलेला, पण चेहरा असा की लग्नातल्या फोटोतही तसा नाही.

घरी परतलो तेव्हा कापसाची पऱ्हाटी उपटणं सुरू झालं होतं. विहिरीला वरून चौथ्या पायरीपर्यंत पाणी होतं. चौथ्या दिवशी दुपारी बायको शेतात आली, पदर खोचला आणि काठावरून उडी मारली. आवाजानं चुलतभाऊ आणि त्याची बायको धावत आले. त्यांना वाटलं, नको ते झालं. आत पाहिलं तर ही फेऱ्या मारत होती.

"वहिनी, या वयात हे शोभते काय?" तो ओरडला.

"शोभाले नाई उतरली भाऊजी, पोहाले उतरली."

तो बांधाकडे चालता झाला. त्याची बायको मात्र काठावर बसली ती उठेना. शेवटी हळूच म्हणाली, "मले येईन काय हो बाई?"

त्या साली बांधावरच्या वेलावर मी एक भोपळा न तोडता वाळू दिला. पुढच्या साली तीन ठेवावे लागले.