अंगठ्याच्या खेळाबद्दल आलेले अभिप्राय व माझे म्हणणे

तक्रारदार : मी स्वतः, वऱ्हाडातील मालेगाव तहसील कचेरीसमोरील अर्जलेखक. शिक्षण नववीपर्यंत; तथापि पदवीधर माणसेही मसुदा माझ्याकडूनच करून घेतात. गैरअर्जदार : मोबाईलवर खेळ उतरवून घेण्याचे ते ऑनलाइन दुकान, ज्याचा मालक कोणी पाहिलेला नाही. घटनेचा काळ : सोयाबीन घरात आले होते आणि तूर फुलावर होती. साक्षीदार : कचेरीसमोरची चहावाली मावशी व एसटीचे निवृत्त कंडक्टर. नावे कोणाचीच देत नाही, कारण मुलीने तशी अट घातली आहे.

माझी मुलगी पुण्याला संगणकावर खेळ तयार करते. तिने व तिच्या दोन सोबत्यांनी, कोणत्याही कंपनीच्या आधाराशिवाय, एक भीतीचा खेळ तयार केला. एका बुवाच्या मठात बहीण हरवली आहे आणि खेळणाऱ्याने तिला शोधायचे आहे. मठाच्या दाराशी एक लेखनिक बसतो. तो प्रतिज्ञेचा कागद सावकाश वाचून दाखवितो आणि मग पडद्यावर अंगठा मागतो. वाचन शेवटपर्यंत ऐकणाऱ्याला नकार देण्याची वाट सापडते. न ऐकता अंगठा देणारा आत जातो व बाहेर येत नाही.

माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घराचा उंबरठा एकाही बुवाने ओलांडलेला नाही. मग हा विषय मुलीला कोठून सुचला, असे मला पुष्कळांनी विचारले. मला ते विचारावे लागले नाही. अर्ज पूर्ण झाल्यावर तो मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्यानंतरच अंगठा घ्यायचा, ही माझी पद्धत ती लहानपणापासून माझ्या टेबलाशेजारी बसून पाहत आली आहे.

खेळावर जाणकारांनी जे लिहिले, ते तिने मला मराठीत सांगितले. एका समीक्षकाने बुवाची स्तुती केली होती, कारण तो संपूर्ण खेळात एकदाही ओरडत नाही. दुसऱ्याने शेवट घाईचा म्हटला. परंतु दोघांचेही एका गोष्टीवर एकमत होते : दाराशी होणारे ते वाचन लांबलचक व कंटाळवाणे आहे. खेळणाऱ्यांनी तर कहर केला. वाचन ऐकायचे नाही, अंगठा द्यायचा, आत अडकायचे आणि मग “खेळात बिघाड आहे, बाहेर पडता येत नाही” असे लिहून एकच तारा द्यायचा.

वाचन कंटाळवाणे आहे, हे विधान मला मान्य होणे शक्य नव्हते. दिवाळीला मुलगी घरी आली असताना मी तिला न विचारता कार्यवाही केली. कचेरीसमोर येणाऱ्या माणसांच्या मोबाईलवर खेळ उतरवून दिला आणि तो त्यांच्याकडून खेळवून घेतला. ही माणसे खरोखर खेळली, हे मी जबाबदारीने नमूद करतो. त्यानंतर प्रत्येकाचा अभिप्राय मी माझ्या हाताने त्याच्या मोबाईलवर लिहिला : “सविनय सादर करण्यात येते की, सदर खेळ अभिप्रायदाराने स्वखुशीने खेळला असून तो उत्कृष्ट व भयप्रद आहे. दाराशी होणारे वाचन अत्यंत आवश्यक आहे.” प्रत्येकाला वाचून दाखविले. प्रत्येकाने मान डोलावली. तारे पाच.

काही दिवसांतच दुकानाने हे सर्व अभिप्राय बनावट ठरवून काढून टाकले. खेळ तेथून का हटवू नये, याचा खुलासाही मुलीकडे मागितला. ती तडक माझ्या टेबलापाशी आली.

“बाबा, तुमी लोकाईले काय लिवून देल्लं? सगळ्याईचं एकच!”

“मसुदा एकच असतो. रेशनकार्डाचे अर्ज काय वेगवेगळे असतात?”

“पण थ्या मावशी काय बोलल्या असत्या, थे कुठी हाये त्याच्यात?” तिने मावशीकडे वळून विचारले, “मावशी, तुमाले कसा वाटला वं खेळ?”

मावशीने गाळणी बाजूला ठेवली. “खरं सांगू का पोरी? थो बुवा आवाज नाही चढवत, म्हणून तं जास्त भेव वाटते. माह्या नणंदेचा बुवा अस्साच गोड बोले. तिचं मंगळसूत्र गेलं, तरी नणंद म्हणे बुवा चांगला!”

“अन् माही तं गंमतच झाली,” बाकावरून कंडक्टरसाहेब म्हणाले. “थो वाचून राह्यला, मी आपला हो हो करून राह्यलो. अंगठा देल्ला अन् फसलो. जलमभर लोकाईले तिकीट वाचून घ्या म्हणलं, आन् स्वतः नाही आयकलं!”

“मंग काका, बाबानं लिवलेलं तुमाले वाचून दाखवलं, थे तरी आयकलं होतं का?”

“कायले आयकतो! त्याईनं वाचलं, आमी हो म्हटलं.”

मावशी पदर तोंडाला लावून हसली. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, “बाबा, हेच तं मी खेळात दाखवलं होतं.” मी खुलाशासाठी कोरा कागद घेतला आणि त्या दोघांना त्यांचे बोलणे पुन्हा सांगण्यास सांगितले. त्यांनी सांगितले तसेच उतरविले, माझा एकही शब्द न घालता. या व्यवसायात असे लेखन मी प्रथमच केले, व ते अवघड आहे.

माझा युक्तिवाद मात्र कायम आहे. शंभर अर्जांचा मजकूर सारखा असला, म्हणून शंभर गाऱ्हाणी खोटी ठरत नाहीत. शब्द माझे होते. भीती त्यांची होती. मजकुराचा दोष लिहिणाऱ्याकडे असावा, मुलीच्या खेळाकडे नव्हे. खेळ हटविला, तर तिचे दोन्ही सोबती नोकरी धरणार आहेत आणि पुढचा खेळ होणार नाही.

तरी दुकानास विनंती की, सोबत जोडलेले दोन्ही जबाब त्यांच्या मूळ वऱ्हाडी बोलीत विचारात घ्यावेत, साक्षीदारांना प्रत्यक्ष विचारावे, खेळ जागेवर ठेवावा, आणि झालेला निर्णय यंत्राकडून नव्हे, तर एखाद्या माणसाकडून लेखी कळवावा.